लिलाधरच्या मापाचं जाळं

तेरवीच्या पंगती उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, आणि हिरालालभावजींनी मांडवातच सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, उद्याचं जाळं कोण टाकते मंग?"

हिरालाल म्हणजे माझ्या मालकाचा चुलतभाऊ. गावच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्षही तोच, तेव्हा विचारणं त्याचं कामच होतं. आम्हा ढिवरांची आमच्या गावात एक रीत आहे. घरचा कर्ता गेला की तेरा दिवस घरात मासा शिजत नाही. चौदाव्या दिवशी सकाळी मोठा मुलगा बापाचं जाळं घेऊन तलावावर जातो आणि तीन वेळा फेकतो. जे निघेल ते, बोटाएवढं निघालं तरी तेच, घरच्या चुलीवर शिजतं आणि दुखवटा उठतो. मोठा मुलगा नसेल तर लहाना टाकतो, मुलगाच नसेल तर पुतण्या. पण मोठा धडधाकट उभा असताना लहान्यानं जाळं उचललं, तर लोक समजून जातात की बापलेकाचं काही खरं नव्हतं.

"लिलाधर टाकीन," मी म्हटलं. "मोठा तोच आहे ना? का तुम्हाले दिसून नाही राहिला?"

लिलाधर माझ्या बाजूलाच उभा होता. डोकं भादरलेलं, भंडाऱ्याहून आणलेला पांढरा सदरा अंगात. तो म्हणाला, "मी नाही टाकत, माय. धनराजले सांग." एवढं बोलून तो हात धुवायला निघून गेला.

शेजारच्या ताराबाईला राहवलं नाही. "शिकलेल्या हाताले मासोळीचा वास लागते ना बाई."

"तारा, तुझ्या हाताले तर कामाचाही वास लागला नाही कधी," मी म्हटलं. "पोटभर जेवलीस ना? मंग जाय घरी."

तिला गप्प केलं, पण हिरालालला काय सांगणार होते? "सकाळपर्यंत ठरवा वहिनी," तो म्हणाला आणि टॉवेल खांद्यावर टाकून गेला.

लिलाधर नाही का म्हणाला ते मला माहीत होतं. त्याच्या मनात लहानपणापासून बसलं होतं की बापानं आपल्याला कधी आपलं समजलं नाही. धनराजला बोट धरून तलावावर नेलं, त्याला नाही. आणि हे त्याच्या मनात बसवणारी मी होते. त्या मांडवात ही गोष्ट माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. दुसरा ज्याला ठाऊक होती, तो तेरा दिवसांपूर्वी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, ओलं जाळं वाळू घालता घालता खाली बसला आणि उठला नाही.

त्याचं नाव भैयालाल. मी कोंढ्याची. लग्न होऊन इकडे सानगडीच्या बाजूला आले तेव्हा मला वाटलं, या माणसाला घर आवडत नाही की मी आवडत नाही? लग्नाला आठ दिवस झाले नाहीत तर यानं खाट अंगणात काढली. पुढे कळलं की छपराखाली त्याचा जीवच रमत नाही. घरात तो जेवायला यायचा आणि आजारी पडायला यायचा, आणि आजारी काही तो फारसा पडला नाही. पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांत धानाचा रोवणा, उन्हाळ्यात पहाटेपासून मोह वेचणं, मग तेंदूपत्ता, आणि बाकी सगळे दिवस तलाव. सत्तर वर्षांचा झाला तरी डोंगा एकटा ढकलून पाण्यात घालायचा. पोरं म्हणायची, बाबा, आता बसा. तो म्हणायचा, बसलोच तर आहो, डोंग्यात.

उन्हाळ्यात तलाव आटला की त्याच्या तळाची माती भुसभुशीत करून पाणवनस्पती लावायचा. पाऊस आला की ती वाढते, मासोळीला चारा होतो, आडोसा होतो. सोसायटीचे लोक हसायचे, की भैयालाल पाण्यात शेती करून राहिला. पण चार वर्षांनी मरळ परत दिसायला लागली, तेव्हा तेच लोक टोपलं घेऊन पुढे. एका कोपऱ्यात सारसाचं जोडपं घरटं करायचं. तिकडे तो जाळं टाकत नसे आणि कोणाला टाकू देत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, "सारसाची पोरं पोसता, घरची कोण पोसते?" तो दुसऱ्या दिवशी तलावाच्या पार पलीकडच्या काठाला जाऊन दुप्पट मासोळी घेऊन आला, माझ्यापुढे टोपलं ठेवलं आणि म्हणाला, "घे. दोघांच्याही पोरांचं झालं."

आमची पोरगी शालू पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हाची गोष्ट. बाळंतिणीला मरळीनं ताकद येते. आता एसटीत पाण्याचं गुंड घेऊन कोण बसू देते? हा माणूस वीस किलोमीटर पायी गेला, डोक्यावर गुंड, गुंडात तीन जिवंत मरळी. वाटेत दोन बोड्या, लहान तळी, लागल्या, दोन्हीकडे थांबून पाणी बदललं. शालूच्या सासूनं विचारलं, व्याही, थकले असाल? तर म्हणाला, मी कायले थकतो, बसून तर या आल्या.

असा होता. आणि विणायचाही चांगला. म्हणजे अर्धं जाळं मीच विणायचे, पण नाव त्याचं व्हायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: फेकजाळं हे ज्याच्या त्याच्या मापाचं असतं. उंच माणसाला लांब लागतं, ठेंगण्याला आखूड. मापात चुकलं तर हवेत उघडत नाही, गोळा होऊन पडतं. म्हणून तो आधी माणसाला खांबाशी उभा करायचा, पायापासून खांद्यापर्यंत दोरा धरायचा, वर एक वीत सोडून गाठ मारायचा. असे मापाचे दोरे त्यानं भिंतीवरच्या बांबूच्या नळीत जपून ठेवले होते. धनराजचा, आमच्या जावयाचा, हिरालालचा, कितीतरी लोकांचा. लिलाधरचा दोरा त्या नळीत नव्हता.

कारण सांगते. मी सानगडीच्या बाजारात मासोळी विकायला बसायचे. लिलाधर सहा वर्षांचा होता, माझ्याजवळ पाटी घेऊन बसायचा आणि आकडे काढायचा. हुशार होता, ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. एक चांगल्या घरची बाई आली, भाव करायला वाकली, आणि याच्या पाटीवर हात फिरवून म्हणाली, "अगं, छान लिहितो की." मग हात नाकाजवळ नेला आणि पदराला पुसला. काही वाईट बोलली नाही ती. फक्त हात पुसला. पोरगं तिच्याकडे पाहत होतं आणि मी पोराकडे.

त्या संध्याकाळी मी चुलीपुढे बसून मालकाला सांगितलं. "मोठा माझा, लहाना तुझा. धनराजले जे शिकवाचं ते शिकव. पण लिलाधरले तलावावर न्यायचं नाही. त्याचा हात जाळ्याले लागला, त्या दिवशी मी मेली समज."

तो म्हणाला, "अव पण बाया, शिकून राहिला तर शिकू दे ना. सुट्टीच्या दिवशी आला माझ्यासंगं तर काय बिघडते?"

"तुले एकदा सांगतलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेला. त्या दिवसानंतर अडतीस वर्षं त्यानं तो शब्द पाळला. लिलाधर दहा वर्षांचा असताना एकदा पहाटे मागे लागला होता, पारीपर्यंत रडत गेला. बापानं त्याला परत पाठवलं आणि सहा वर्षांच्या धनराजला खांद्यावर घेऊन पुढे गेला. मी दारात उभी राहून पाहिलं. पोरगं रडत माझ्याकडे आलं, मी त्याच्या हातात पाटी दिली.

मी जे ठरवलं ते करून दाखवलं. लिलाधर भंडाऱ्याला सरकारी ऑफिसात बाबू झाला. घर झालं, गाडी झाली. बाजारात मी मान वर करून बसायचे. आजही म्हणते, त्याला शिकवलं ते चुकलं नाही. पण शिकवायला शपथेची गरज नव्हती. शपथ मी त्या बाईच्या पदरापायी घातली होती, आणि फेडली कोणी, तर माझ्या मालकानं.

दोन वर्षांमागे त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्यात झालं. आठ दिवस लिलाधरकडे राहिलो. घर वरच्या मजल्यावर. हा माणूस डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गच्चीवर झोपायचा, आणि पहाटे काठी टेकत वैनगंगेकडे निघायचा. डॉक्टर पाणी उडू देऊ नका म्हणायचे, तर म्हणे, मी कुठं पाण्यात जातो, मी तर वास घ्यायले जातो. एका सकाळी लिलाधर चहा घेऊन गच्चीवर गेला. मी दाराच्या आत तांदूळ निवडत होते.

"बाबा," लिलाधर म्हणाला, "धनराजले तुम्ही तलावावर नेत होते. मले काहून नेलं नाही कधी?"

मी सुपातला हात थांबवला. आता हा सांगेल, मला वाटलं.

"तुले लहानपणी सर्दी लय व्हायची, बाबू," तो म्हणाला. "पाणी बाधत होतं तुले."

"मले कधी होत होती सर्दी?"

"होत होती. तुले काय आठवते." आणि चहाचा घोट घेतला.

चहा संपल्यावर लिलाधर रिकामा कप घेऊन खाली गेला. मी उठून बाहेर जाऊ शकले असते. चार पावलं होती. मी तांदूळ निवडत बसले.

परत येताना एसटीत मी म्हटलं, "सांगून टाकाचं होतं त्याले."

"कायले?" तो खिडकीबाहेर पाहत होता. वाटेतले सगळे तलाव त्याला नावानं ठाऊक होते. "तुझ्यावर रागावला तर तुझं घरात कसं होईल? माझ्यावर रागावून राहिला तर राहू दे. मी तर दिवसभर बाहेरच असतो."

तेरवीच्या त्या संध्याकाळी मला हेच आठवत होतं. मोठी सून ममता माझ्याजवळ येऊन बसली. भंडाऱ्याची मुलगी, हळू बोलते. "आई, त्यांना परत आग्रह करू नका. ते अजून रडले नाहीत. आग दिली तेव्हाही नाही. मला भीती वाटते."

मी म्हटलं, "मी आहो ना." आणि सांगितलं मात्र काही नाही. बाजारात दहा जणींना एकटी पुरणारी माझी जीभ, पण घरच्या पोराशी बोलायला वळली नाही.

सकाळी सगळे पारीवर जमले. धान कापणीला आलेलं होतं, तलाव काठोकाठ भरलेला. धनराजनं बापाचं जाळं घरून आणलं होतं. लिलाधरही आला. पण बॅग खांद्याला लावून आला. नऊची एसटी पकडणार होता. पारीवरच्या मोहाच्या झाडाखाली तो बाजूला उभा राहिला, पाहुण्यासारखा.

हिरालालनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं," तो म्हणाला. "धनराज, तूच उतर गा मंग."

धनराजनं चप्पल काढली आणि पाण्यात पाय घातला. मागून बायांचं कुजबुजणं सुरू झालं. ताराबाई कोणाला तरी सांगत होती की भैयालालनं मोठ्याले कधी जवळ केलंच नाही, पाहा आता. माझ्या कानावर ते पडलं. तिला नेहमीसारखं फटकारणार होते, तोंड उघडलंसुद्धा. पण ती काय चूक बोलत होती? गावानं तेच पाहिलं होतं. मी गप्प राहिले असते तर माझ्या मालकाबद्दल हेच राहिलं असतं, त्याच्या मुलाच्या मनातही आणि गावाच्या तोंडातही.

"थांब धनराज," मी म्हटलं. "पाय काढ पाण्यातून."

सगळे वळले.

"हिरालालभावजी, तुम्ही ऐका, आन ते तारा पण ऐकू दे. लिलाधरच्या बाबानं लिलाधरले जाळ्याले हात लावू दिला नाही, ते मी लावू दिला नाही. मी शपथ घातली होती. याचा हात जाळ्याले लागला तर मी मरीन, असं बोलली होती मी. पोरगं सहा वर्षांचं होतं तेव्हा. तो माणूस मले एकदा म्हणे, सुट्टीच्या दिवशी तरी येऊ दे माझ्यासंगं. मी नाही म्हटलं. त्यानं कोणाले सांगतलं नाही. मी पण सांगतलं नाही."

लिलाधर झाडाखालून पुढे आला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं तो लहान आहे.

"मंग सर्दी?"

"तुले कधीच सर्दी नव्हती."

"तू आत होतीस ना? गच्चीवर विचारलं तेव्हा?"

"होती."

"ऐकलं तू?"

"ऐकलं."

"अडतीस वर्षं, माय," तो म्हणाला. "मी त्याच्यासंगं नीट बोललो नाही. फोन केला तर तुले दे म्हणाचो. तो फोन घ्यायचा, 'हो बाबू, माय इथंच आहे' म्हणायचा, आन तुले देऊन टाकायचा. अडतीस वर्षं."

मला वाटलं तो आता निघून जाईल. पारीवरून चालत गेलाही, सांडव्यापर्यंत. ममता मागे निघाली, मी तिचा हात धरला. सांडव्यापाशी तो पाठमोरा उभा राहिला, बराच वेळ. मग परत आला. बॅग ममताकडे दिली. पँट गुडघ्यावर दुमडली आणि धनराजच्या हातातून जाळं घेतलं. ओंजळीत धरून माझ्यापुढे आणलं.

"लावला हात," तो म्हणाला. "मेली काय आता?"

"नाही," मी म्हटलं. "जिती आहो. तू टाक."

त्याला काही येत नव्हतं. धनराज त्याच्या मागे गुडघाभर पाण्यात उभा राहून सांगत होता. दोरी मनगटाले बांध दादा. अर्धं कोपरावर घे. ही कडा दातात धर, चावू नको, नुसती धर. आता कमरेतून फिर. लिलाधर फिरला आणि जाळं त्याच्या पुढे दोन हातांवर गोळा होऊन पडलं.

"दादा, कपडे वाळू घालून राहिला काय?" धनराज म्हणाला.

पारीवर कोणीतरी फसकन हसलं. मग सगळेच हसले, हिरालालसुद्धा. तेरा दिवसांत आमच्या घरचं कोणी हसलं नव्हतं. लिलाधरच्या दातात जाळ्याची कडा होती, म्हणून तो हसला की नाही ते सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा पाणवनस्पती आली, त्याच्या बापानं लावलेलीच असणार. तिसऱ्यांदा जाळं उघडलं. बापाचं अंगणाएवढं उघडायचं, याचं परातीएवढं उघडलं, पण उघडलं. ओढून काढलं तेव्हा दोन चपटे डाडक आणि मूठभर झिंगे. लिलाधर ते ओंजळीत घेऊन पाण्यातच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. धनराज त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी पारीवरच्या बायांना म्हटलं, "पाहून काय राहिल्या? चला, चूल पेटवायची आहे."

दोन डाडक आणि मूठभर झिंगे, आणि खाणारे चाळीस. रस्साच जास्त होता. पण प्रत्येकाच्या भातावर थोडा थोडा पडला आणि दुखवटा उठला. लिलाधर माझ्याशी बोलला नाही. ताट घेऊन अंगणात गेला आणि बापाच्या खाटेवर बसून जेवला. मी बोलावलं नाही. त्याचा राग खरा होता, आणि इतकी वर्षं तो चुकीच्या माणसाच्या दारात पडून होता. आता माझ्या दारात आला, तर मी तो घेतलाच पाहिजे.

नऊची एसटी तर गेलीच होती, तो दुपारच्या एसटीनं निघाला. ममता पुढे रस्त्यावर गेली. तो उंबरठ्यापर्यंत गेला आणि थांबला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबाचं जाळं धनराजजवळच राहू दे. मले ते आखूड पडते."

मी चुलीपाशी होते. ओले हात पदराला पुसले आणि उठले. बांबूची नळी भिंतीवरून काढली, तिच्यातलं दोऱ्याचं रीळ घेतलं.

"खांबाशी उभा राह्य."

"माय, एसटी जाईन माझी."

"जाऊ दे. उभा राह्य म्हटलं ना. टाच टेकव."

तो उभा राहिला. मी दोरा त्याच्या पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि वर नेत गेले. खांद्यापर्यंत माझा हात पुरेना, तेव्हा तोच थोडा वाकला.

"वाकू नको, माप चुकते," मी म्हटलं आणि पाट ओढून त्यावर चढले. खांदा, वर एक वीत, गाठ.

"तुले दिसते काय विणायले आता?" त्यानं विचारलं. आवाजात राग तसाच होता.

"दिसाचं काय काम आहे? बोटाले ठाऊक आहे."

"किती दिवस लागते?"

"होळीपर्यंत होईल. तू ये तेव्हा. धनराज शिकवीन."

येतो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. चप्पल घालून रस्त्याकडे गेला. मी दोरा नळीत टाकला, धनराजच्या दोऱ्याला लागून, आणि नळी भिंतीवर परत लावली. त्याच दुपारी सुई काढली.